सिलिअ‍ॅक असताना चुकून गहू पोटात गेला, तर काय करावं?

लग्नाच्या जेवणात नकळत गव्हाचं काहीतरी खाल्लं गेलं, रात्रीपासून पोट बिघडलंय, यावर औषध आहे का, असं तुम्ही विचारलंय. घरी पोळी बंद असूनही अधूनमधून असाच त्रास होतो, असंही लिहिलंय. मलाही सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला इजा होणारा आजार, म्हणून स्पष्टच सांगते: पोटात गेलेल्या ग्लूटेनवर उतारा नाही. मुद्दाम उलटी काढू नका, जुलाबाचं औषध घेऊ नका. ग्लूटेन पचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवरही भिस्त ठेवू नका; सिलिअ‍ॅकमध्ये त्यांनी आतडं वाचतं असं सिद्ध झालेलं नाही.

दोन-तीन दिवस पेज, मऊ भात, भरपूर पाणी, जुलाब असतील तर ओआरएस. आतड्याचं अस्तर दुखावलेलं असताना काहींना दूध सोसत नाही, ते चार दिवस बाजूला ठेवा. ताक चालत असेल तर प्या, पण हिंगाशिवाय. उलट्या-जुलाब थांबेनात, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडलं तर डॉक्टरांकडे जा. गव्हाचं खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. लगेच हॉस्पिटल गाठा.

लग्नातलं एकदाचं झालं. मला काळजी वाटते ती तुमच्या त्या ‘अधूनमधून’ची.

पहिला संशय हिंगावर घ्या. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि तो आपल्या वरणात, भाजीत, लोणच्यात, सगळीकडे जातो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, घटक वाचून तोच घ्या. दुसरा संशय गिरणीवर. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण तुमच्याआधी कुणाचे गहू दळले असतील तर गिरणीत राहिलेलं पीठ तुमच्याच डब्यात उतरतं. भाकरी खाऊनही पोट दुखतं म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं. मी घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच पडत नाही. थालीपीठाच्या भाजणीत बहुधा गहू असतोच. माल्ट घातलेली दुधातली पावडर म्हणजे बार्ली, ती चालत नाही. सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो. पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणी स्वतःची वेगळी ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलात आपले साबुदाणा वडे नकोत.

‘चिमूटभरानं काय होतंय’ हे वाक्य तुम्हाला खूप ऐकावं लागेल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. एका पोळीत काही ग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे रोजचा नखाएवढा तुकडाही पुरतो. त्रास जाणवला नाही तरी आत इजा होऊ शकते. म्हणून रक्ताची टीटीजी तपासणी (सिलिअ‍ॅकमध्ये वाढणाऱ्या अँटिबॉडीची) डॉक्टर सांगतील तेव्हा करत राहा. एखाद्या चुकीनं ही पातळी सहसा वाढत नाही. पथ्य सुरू करून बराच काळ लोटला तरी उतरत नसेल, तर ग्लूटेन रोज कुठून तरी येतंय का ते शोधा.

सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. मी तीर्थ घेते आणि प्रसाद म्हणून केळं मागते. अजून तरी कुणी नाही म्हटलेलं नाही.