वाळवंटाची एचिंग घेताना आधी भिंग घ्या

वाळवंटाची एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, जमवायला अमेरिकी चित्रकार जॉर्ज एल्बर्ट बरपासून सुरुवात करताय, छान. १९०६ मध्ये तो डेन्व्हरला आला, १९२४ मध्ये फिनिक्सला गेला आणि ॲरिझोनाचं वाळवंट त्याने तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं. पण आधी बाजारात जाऊ नका, एक दहापट भिंग घ्या. चित्रात सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती छापील नक्कल, विषय संपला. मात्र आकाशात वेडेवाकडे, बारीक कण दिसले तर घाबरू नका, ते ॲक्वाटिंटचं, म्हणजे पत्र्यावर कणीदार छटा उमटवण्याच्या पद्धतीचं, काम असू शकतं.

मग कागद तिरप्या उजेडात धरा. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला हवा. निवडुंगाच्या सावल्या नीट बघा. ड्रायपॉइंटमध्ये सुईने पत्रा ओरखडला की रेघेच्या कडेला धातूचा कीस उठतो, तो शाई धरून ठेवतो आणि रेघ मखमली दिसते. दाबयंत्राखाली हा कीस लवकर झिजतो. म्हणून एकाच पत्र्याची सुरुवातीची प्रत गडद, तर नंतरची कोरडी निघते. मी तरी फिकट प्रतीला हात लावत नाही, कितीही स्वस्त मिळो.

पेन्सिलीची सही हवीच, पण नुसत्या सहीवर भाळू नका.

आणि फ्रेम उघडल्याशिवाय पैसे देऊ नका! जुन्या आम्लधर्मी पुठ्ठ्याने कागदावर तपकिरी चौकट पडते. समास कापलेले असतील किंवा मागे चिकटपट्टी असेल, तर भाव पाडून मागा. पट्टी स्वतः सोलायला जाऊ नका, ते काम कागद-संवर्धकाचं.