विचारा बिनधास्त: क्रोशाची फडकी, घासण्या आणि कोकणातला पावसाळा

मागच्या अंकात घरी विणायच्या फडक्यांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. जागा थोडी आहे, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांना सविस्तर उत्तर मिळालं नाही त्यांनी रागावू नका हं.

गुहागरहून एक मैत्रीण: ताई, स्वेटरची उरलेली लोकर होती त्याची भांडी पुसायची फडकी विणली, दिसायला मस्त झालीयेत पण पाणीच टिपत नाहीत, नुसतं ओट्यावर पसरतं. मग सुती दोऱ्याची जाडजूड केली तर पावसात त्यांना कुबट वास येतोय. नाद सोडून देऊ का?

अगं सोडू नकोस. आधी ती लोकर नक्की कसली आहे ते बघ, कारण दुकानात आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे प्लास्टिकचाच धागा, आणि प्लास्टिक पाणी कुठून पिणार? ओळखायचं कसं, तर बोटभर तुकडा चिमट्यात धर, खाली ओली बशी ठेव आणि काडी लाव. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ करडी राख पडते, बोटाने चुरली की उडून जाते. खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि काडी बाजूला घेतली की लोकर आपोआप विझते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला टणक काळा मणी तयार होतो. (मणी लगेच हातात घेऊ नकोस, चटका बसतो.)

झालेली फडकी फेकू नकोस, काचेचे ग्लास, कपबशा घासायला छान आहेत. जपानमध्ये अशा अ‍ॅक्रिलिकच्या विणलेल्या घासण्या खूप वापरतात, तावाशी म्हणतात त्यांना. फक्त गरम तव्याला, कुकरला लावू नकोस, वितळून चिकटतील. पण नवीन मुद्दाम विणू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. घासताना त्यातून बारीक तंतू सुटतात आणि आपल्याकडे मोरीचं पाणी जातं माडाच्या नाहीतर केळीच्या आळ्यात, तिथून व्हाळाला म्हणजे ओढ्याला आणि व्हाळातून समुद्रात.

आता सुती. वास दोऱ्याला नसतो गं, ओलं राहिलं की त्यात जंतू वाढतात त्याचा असतो, आणि तू विणलंस जाडजूड. इंटरनेटवरचे सुंदर सुंदर फुगीर टाके कोरड्या हवेत ठीक, आपल्याकडे आषाढात जिथे टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाही तिथे ते फडकं कधी वाळायचं? म्हणून आपलं साधं जाळीचं विणायचं. ८ प्लायचा सुती दोरा, शक्यतो कोरा म्हणजे रंग न दिलेला, आणि ४ मिमीची सुई. ३६ साखळ्या घाल, सुईपासून सहाव्या साखळीत पहिला खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेला उभा टाका), मग एक साखळी, खालची एक सोडून पुढच्या साखळीत खांब, असं शेवटपर्यंत. उलटून ४ साखळ्या आणि खांबावर खांब, मधे एकेक साखळी, शेवटचा खांब आधीच्या ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्यांपैकी तिसरीत. चौकोन झाला की कडेने मुक्या खांबांची (वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्यांची) एक ओळ आणि कोपऱ्यात १५ साखळ्यांचा फास. हा फास विसरू नकोस, सगळं त्याच्यावर आहे! फडकं नळावर घडी करून टाकलं की वास येणारच, फासाने मोकळं टांगलं की हवा आरपार जाते. साधारण वीतभर होईल, पहिल्या धुण्यात थोडं आटतं, तेव्हा मोठं हवं असेल तर साखळ्या दोन-दोनने वाढव.

चार-पाच विणून ठेव आणि रोज एक बदल. आठवड्यातून एकदा सगळी पातेल्यात घालून चमचाभर धुण्याचा सोडा टाकून १० मिनिटं उकळ, कोरा दोरा असेल तर काही बिघडत नाही. कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड मात्र नको, त्याचा थर बसला की सुती फडकंही पाणी टिपेनासं होतं. आणि ऊन नसेल तेव्हा फ्रिजच्या मागच्या बाजूला गरम हवा येते ना, तिथे जवळ एक खिळा ठोक.

वेंगुर्ल्याहून एक सूनबाई: मी क्रोशाची घासणी दाखवली तर सासूबाई म्हणाल्या, "सोडणान घासलंस तर हात झिजतत काय गो तुजे?" (सोडण म्हणजे नारळाचं तंतुमय साल.) काथ्याचीच घासणी क्रोशाने विणता येईल का, म्हणजे दोघीही खूश?

सासूबाईंची बाजू घेते मी, रागावू नकोस. सोडण घरचं, फुकटचं, आणि काथ्यात लिग्निन (तंतूंना कडकपणा देणारा घटक) भरपूर असल्याने ओल्यात तो लवकर कुजत नाही, म्हणून तर दोरखंड आणि पायपुसणी त्याची करतात. टोकियोत १९०७ पासून एक घासणी विकतात, कामेनोको तावाशी नावाची, ती नारळाच्याच तंतूंची. तर हे मागासलेपण वगैरे नाही.

विणायचं म्हणशील तर बाजारातला जाड सुंभ घेऊ नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, विणताना त्याचा अर्थ बोटांना कळतो! सगळ्यात बारीक दोन पदरी काथ्या मिळाला तर घे, तासभर पाण्यात भिजव, ८ किंवा १० मिमीची सुई घे आणि अगदी सैल मुक्या खांबांनी तळहाताएवढा गोल कर, बास. तागाची सुतळी हाताला सोपी जाते पण सतत ओली राहिली की काळी पडून कुजते, पावसात महिनाभरही टिकेल असं नाही.

त्यापेक्षा मला आवडतो तो मधला मार्ग. सुती दोऱ्याची जाळीची छोटी पिशवी विण, तोंडाला ओढायची नाडी, आत पिंजलेलं सोडण कोंब. तंतू मोरीत जात नाहीत, सोडण खराब झालं की काढून झाडाच्या मुळाशी टाकायचं आणि पिशवी धुवायची. बिडाचा तवा, लोखंडी कढई, मातीची भांडी याने घास, नॉनस्टिकला हात लावू देऊ नकोस. तांब्या-पितळेला आधी वापरलेल्या आमसुलांचा चोथा चोळ, त्यातल्या आम्लाने डाग सुटतात, मग पिशवी हलकेच फिरव आणि लगेच धुवून कोरडं पूस, नाहीतर परत काळपट होतं.

अलिबागहून: जुन्या टी-शर्टांच्या पट्ट्यांचा लादी पुसायचा पोछा विणला तर?

विणा, पण दिवाळीनंतर. अडीच सेमीच्या आडव्या पट्ट्या कापून ताणल्या की कडा आत वळतात, १० मिमीच्या सुईने भराभर होतं. पण भिजल्यावर जड होतो आणि पिळून हात भरून येतात, पावसात तर वाळतच नाही. पडवीसाठी पायपुसणं करा, ते जास्त कामाचं. टी-शर्ट होजिअरीचा सुती हवा, खेळाचे चकचकीत नकोत.

देवगडहून बचत गटातल्या एक ताई: क्रोशाची फडकी पर्यटकांना विकायची आहेत, किंमत कशी लावू? लोक म्हणतात ऑनलाइन स्वस्त मिळतं.

म्हणू देत. खरा क्रोशे अजून मशीनवर होत नाही, "क्रोशे मशीन" म्हणून जे असतं त्यावर वेगळ्याच प्रकारची वीण निघते, तेव्हा ऑनलाइन स्वस्त मिळणारं खरं क्रोशे कुणीतरी कमी पैशात हातानेच केलेलं असतं. एक फडकं घड्याळ लावून विणा, दोरा वजन करून त्याचे पैसे काढा आणि तुमच्या गावात बाईमाणसाला दिवसाची जी मजुरी मिळते त्या हिशोबाने तासाचे पैसे त्यात मिळवा. आकडा फार मोठा आला तर किंमत पाडू नका, वस्तू लहान करा: चेहरा पुसायचे गोल तुकडे, साबणाचे उरलेले तुकडे ठेवायची पिशवी, ही अर्ध्या तासात होतात आणि प्रवासी बॅगेत सहज नेतात. सोबत चिठ्ठी लावा, "सुती आहे, उकळलं तरी चालेल", पण रंगीत दोरा असेल तर आधी एक नमुना घरी उकळून बघा आणि मगच तसं लिहा.