डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा 'डिस्कव्हरी' हा अल्बम एवढा भारी का मानतात? मला पहिली चार गाणी सोडून पुढचं काही लक्षातच राहत नाही

तुमचं काही चुकत नाहीये, माझंही कित्येक वर्षं हेच होतं. वन मोर टाइम, एरोडायनॅमिक, डिजिटल लव्ह, हार्डर बेटर फास्टर स्ट्राँगर, एवढी झाली की माझा हात आपोआप पुढच्या कुठल्यातरी अल्बमकडे. आणि यात थोडा त्यांचाही दोष आहे, कारण सिंगल्स, म्हणजे अल्बममधून सुटी काढलेली गाणी, तीही याच क्रमाने आली, पहिलं नोव्हेंबर २००० ला आणि बाकीची तीन २००१ मध्ये, म्हणजे सगळा मसाला ताटात आधीच वाढून झाला आणि उरलेली दहा गाणी मागच्या रांगेत जाऊन बसली.

आता भारी का, तर माझ्या मते त्यासाठी आधीचा अल्बम डोक्यात पाहिजे. होमवर्क, जानेवारी १९९७. पॅरिसमधली दोन पोरं, थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो, बरंचसं काम थॉमाच्या बेडरूममध्ये केलेलं, रांगडा क्लबवाला हाऊस, म्हणजे यंत्रांवर केलेलं नाचायचं संगीत, तीच ओळ फिरून फिरून कानावर आदळणारी. त्यावर लोक फिदा झाले आणि साहजिकच दुसऱ्या वेळी तेच अजून जोरात मिळेल असं वाटत होतं. मिळालं काय, तर पहिल्याच गाण्यात ऑटोट्यूनने, म्हणजे सूर सुधारायच्या सॉफ्टवेअरने, वाकवलेला आवाज आणि मध्येच ड्रम गायब, तेही चांगला बराच वेळ, म्हणजे नाचणारा माणूस हात वर करून तसाच उभा. दुसऱ्या गाण्यात चक्क हेवी मेटलवाला गिटार सोलो!! टेक्नोवाल्यांना ज्या गोष्टींची लाज वाटायची त्या यांनी एकेक करून आत आणून बसवल्या. आज ऑटोट्यून सगळीकडे आहे म्हणून कळत नाही, पण तेव्हा बऱ्याच जणांना ते खरंच झोंबलं होतं.

आणि हे चिडवायला केलेलं नव्हतं. त्यांनी मुलाखतींमधून सांगितलंय की हा अल्बम लहानपणाबद्दल आहे, म्हणजे हे चांगलं ते फालतू असं कुणी शिकवायच्या आधी कानाला जे गोड लागायचं त्याबद्दल. थॉमाचा जन्म १९७५ चा, वडील दानिएल व्हांगार्द स्वतः डिस्कोच्या काळातले निर्माते, ओटावान या ग्रुपचं डी.आय.एस.सी.ओ. हे गाणं लिहिण्यात त्यांचा हात होता. म्हणजे या पोराच्या घरातच डिस्को होता. डिजिटल लव्हमध्ये जॉर्ज ड्यूकच्या १९७९ च्या गाण्याचा तुकडा आहे, हार्डर बेटरमध्ये एडविन बर्डसाँगचा, तोही १९७९ चाच. तुकडा उचलायचा, गोल फिरवायचा, वरचे सूर दाबून टाकायचे म्हणजे शेजारच्या खोलीत गाणं चाललंय असं वाटतं, आणि मग हळूहळू दार उघडत न्यायचं. ही ट्रिक तेव्हा फ्रान्समध्ये बरेच जण करत होते, पण त्या दारापलीकडे आपलं बालपण बसलंय अशा थाटात ती इथे वापरलीये. (सगळंच ढापलेलं आहे असं म्हणणारे भेटतील, त्यांना सांगा की अल्बमसोबतच्या माहितीत फक्त चार गाण्यांना सँपलचं, म्हणजे उचललेल्या तुकड्याचं, क्रेडिट आहे आणि बरंचसं ते स्वतः वाजवायचे.)

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. होमवर्कमध्ये टीचर्स नावाचं गाणं आहे, त्यात नुसती नावांची यादी, ज्यांच्याकडून शिकलो ते लोक. त्या यादीत रोमँथनी आहे, टॉड एडवर्ड्स आहे, डीजे स्नीक आहे. आणि दुसऱ्या अल्बमवर बघा, रोमँथनी वन मोर टाइम गातोय, डिजिटल लव्हचे शब्द स्नीकचे, आणि फेस टू फेस टॉड एडवर्ड्सने नुसतं केलं नाही तर गायलंय पण. गुरुजनांची हजेरी घेऊन झाली आणि मग त्यांनाच कामाला बोलावलं, याहून छान गुरुदक्षिणा काय असणार.

तर तुमचा खरा प्रॉब्लेम, पुढचं लक्षात राहत नाही. एक करा, काही दिवस पहिली चार ऐकूच नका. सहाव्या गाण्यापासून सुरू करा, नाइटव्हिजन. दोन मिनिटांचंसुद्धा नाही ते, नुसती रात्र. मग समथिंग अबाउट अस, इतकं साधं प्रेमगीत की यंत्राच्या आवाजात ऐकताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. व्हॉयेजर गाडीत ऐका, त्याचा बेस छोट्या स्पीकरवर अर्धा मरतो. आणि मग व्हेरिडिस क्वो. नाव पटकन म्हणून बघा, व्हेरी डिस्को. आता दोन शब्द उलटे करा, डिस्को व्हेरी. हसू येतं ना, पण गाणं अजिबात हसरं नाही, चर्चमधल्या ऑर्गनसारखी एक उदास धून शांतपणे फिरत राहते, घाई नाही, कुठे पोचायचं नाही. माझ्यासाठी अल्बमचं काळीज हेच आहे, पहिलं गाणं नाही.

तरीही नाही बसलं तर इंटरस्टेला ५५५५ बघा, २००३ चा ॲनिमेशनपट, अख्खा अल्बम त्याच क्रमाने आणि संवाद एकही नाही. जपानच्या तोएई स्टुडिओने केलाय, लेजी मात्सुमोतोच्या देखरेखीखाली, ज्याची कार्टून्स बघत ही दोघं लहानाची मोठी झाली. मला तर शॉर्ट सर्किट हे गाणं तो बघेपर्यंत कळलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुपरहीरोज अजूनही फार काही वाटत नाही, दर वेळी पुढे ढकलतो.

शेवटचं टू लाँग दहा मिनिटांचं आहे, नाव ठेवताना प्रामाणिकपणा दाखवलाय. लांबलंय, मान्य. पण त्यातही रोमँथनीच गातो, म्हणजे दार उघडणारा आणि लावणारा माणूस एकच, आणि तो २०१३ ला गेला हे कळल्यापासून मी ते मध्ये बंद करत नाही.