वेळ कागदावर घे

प्रिय बाय,

रविवारी तू आमच्या पडवीत बसून मुलींच्या नव्या फुटबॉल क्लबाचे जे सादरीकरण दाखवलेस, ते तू गेल्यावरही माझ्या डोक्यातून गेले नाही. नाव ठरले आहे, बोधचिन्ह झाले आहे, जर्सीच्या निळ्या रंगाची छटा कोणती असावी यावर दोन पाने खर्ची पडली आहेत; पण मुली सोमवारी संध्याकाळी किती वाजता आणि कोणत्या मैदानावर उतरणार, हे बावीस पानांत कुठेही नव्हते. तुला पेच वेगळाच पडला आहे. पुरुषांचा तो जुना क्लब 'आमच्या नावाखाली चालवा, मैदान, फिजिओ, कचेरी सगळे तयार आहे' म्हणतो, ते स्वीकारावे की स्वतंत्र राहून पहिल्या मोसमापासून पैशासाठी दारोदार हिंडावे? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. दोहोंपैकी काहीही कर, पण आधी मैदानाची वेळ कागदावर घे.

'मैदान आपलेच आहे, कधीही या' असे त्यांचे सचिव म्हणाल्याचे तू कौतुकाने सांगितलेस, तेव्हा मी चहाचे निमित्त करून आत गेले, कारण हेच वाक्य, याच प्रेमळ सुरात, मी पूर्वी ऐकले आहे.

आमच्या संघाची वेळ साडेचारची होती. पावसाळा संपून मैदान वाळले, तेव्हा पुरुष संघाचे व्यवस्थापक आले आणि लीगचे महत्त्वाचे सामने आहेत, आठवडाभर तुमची वेळ आम्हांला द्या, म्हणाले. मी दिली. तो आठवडा मार्चपर्यंत चालला. आम्ही सव्वासहाला उतरायचो तेव्हा फक्कीच्या रेषा त्यांच्या बुटांखाली पुसून गेलेल्या असत, आणि डिसेंबरात तर उंचावरून आलेला चेंडू गोलरक्षक मुलीला तो छातीवर आदळेपर्यंत दिसत नसे. ही मुलगी सत्तरी तालुक्यातून येई आणि वाळपईची शेवटची बस सातला सुटे, त्यामुळे हातमोजे चढवतानाच तिचे लक्ष घड्याळाकडे असे. आधी ती रोज वीस मिनिटे खेळली, मग आठवड्यातून तीन दिवस आली, आणि जानेवारीत तिचा भाऊ ते हातमोजे धुऊन, वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत देऊन गेला. 'घरात वाद नको, टीचर,' एवढेच तो म्हणाला. तिच्या तोडीची गोलरक्षक मला पुन्हा मिळाली नाही.

मी तेव्हा नाही म्हणायला हवे होते, हे मला कोणी सांगायची गरज नाही. परंतु बाहेरगावच्या सामन्यांच्या गाडीचे भाडे तोच क्लब देत होता, मुलींच्या औषधांची बिलेही तोच भरत होता, आणि मी भांडले असते तर संघच बंद झाला असता, असे मला त्या वेळी वाटले आणि अजूनही अधूनमधून वाटते. शिवाय उरलेल्या मुली खेळत राहिल्या आणि त्यांतल्या दोघी आज शाळांत खेळ शिकवतात, हेही कुणीतरी जमेस धरले पाहिजे. असो. तू मात्र माझ्यासारखी पाहुणी होऊन त्या मैदानात शिरू नकोस.

त्यांचे नाव मोठे आहे म्हणून तू निर्धास्त आहेस. अग, आपल्या गोव्याचा धेंपो क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता होता, तरी २०१६ साली भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाविरुद्ध धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. एवढ्या मोठ्या घरांचेही बेत बदलतात, आणि बेत बदलला की घरातल्या पाहुण्याची वेळ पहिली जाते. काही गोष्टी तर कुणाच्याच हातात नसतात. गोकुळम केरळ क्लबाच्या मुली ऑगस्ट २०२२ मध्ये आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले आणि त्या एकही सामना न खेळता परतल्या. जे तुझ्या हातात आहे, ते तरी तोंडी ठेवू नकोस.

परदेशी प्रशिक्षकाचे पान तूर्त काढून टाक. तुला आधी राज्याच्या महिला लीगमध्ये टिकायचे आहे, मग इंडियन विमेन्स लीगची दुसरी श्रेणी, आणि त्यानंतर वरची लीग. तिथे २०२३-२४ च्या मोसमात प्रथमच सामने घरच्या आणि परक्या मैदानांवर झाले. ज्या क्लबाला सरावाची वेळ स्वतःची नाही, तो घरचे मैदान म्हणून काय दाखवणार? गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त होते, हे तुझा फिजिओही सांगेल. अशा मुलींना अंधारात, उखडलेल्या मातीवर वळणे घ्यायला लावायचे आणि मग शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढायची, हे मला आता पाहवणार नाही.

कागदावर वार आणि तास लिहिलेले असू देत. पुरुषांचा सामना त्याच दिवशी आला तर कोण हटेल, वेळ बदलायची तर किती दिवस आधी लेखी कळवायचे, आणि जून ते सप्टेंबर मैदान चिखलात असताना सराव कुठे होईल, हेही त्यात हवे. सही अध्यक्षांची घे. सचिव बदलत राहतात. ते 'एवढा अविश्वास कशाला' म्हणतील. म्हणू देत. तू हसून पेन पुढे कर आणि वेळ कागदावर घे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने पाहायला तू मला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर नेले होतेस. स्पेनच्या आणि कोलंबियाच्या मुलींसाठी ओरडून तुझा घसा बसला होता, आणि फोंड्याला परतेपर्यंत तू खुणांनीच बोलत होतीस. ती तू मला ठाऊक आहेस, म्हणून एवढे रागावून लिहिते आहे.

मंगळवारी चारनंतर ये, मसुदा आपण दोघी मिळून करू. लॅपटॉप नको. वाळपई, सांगे आणि पेडणे या मार्गांवर कदंब परिवहनाच्या संध्याकाळच्या शेवटच्या बसेस किती वाजता सुटतात, ते मात्र स्थानकावर स्वतः जाऊन लिहून आण. सरावाची वेळ आपण तिथून उलटी मोजणार आहोत.

तुझी,
टीचर