समजलं नाही, तर पहिल्याच आठवड्यात सांग

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या प्रयोगशाळेत बारा आठवडे काम करायला तुझी निवड झाल्याचं पत्र आलं, हे तुझ्याआधी तुझ्या वडिलांनीच कळवलं. फौंड्रीतली पाळी संपवून त्यांनी फोन केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पगार किती म्हणायचा?" पगार नव्हे, राहण्या-खाण्यापुरतं विद्यावेतन, असं म्हटल्यावर, "मग बारा आठवडे तिथं जाऊन करायचं काय?" मला प्रश्न आवडला. निवडीच्या आनंदात हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि उत्तर तर तुलाच द्यायचं आहे.

बारा आठवड्यांत शोध लागत नाही. सुरुवातीचे दिवस सुरक्षेचं प्रशिक्षण, किल्ल्या, पासवर्ड आणि कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यात जातात. शेवटचे अहवाल आणि सादरीकरणात. मधल्या वेळात दुसऱ्याच्या मोठ्या प्रश्नाचा एक बारीक तुकडा तुझ्या वाट्याला येईल, तोही बहुधा कंटाळवाणा. सूक्ष्मदर्शकातून आलेल्या ढीगभर प्रतिमा उघडायच्या आणि पेशींमधले उजळ ठिपके मोजायचे. शोधनिबंधात नाव येईल अशी आशा धरून जाऊ नकोस. आलं तर पेढे मी वाटीन.

आता मुद्द्याचं. आपल्या भागातल्या मुलांची एक खोड मी वर्षानुवर्षं बघत आलोय. घरात मराठी, बसमध्ये कानडी, बाजारात दोन्ही, वर्गात इंग्रजी. अर्धं ऐकायचं, उरलेलं अंदाजानं भरून काढायचं आणि मान डोलवायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. तहसील कार्यालयात कानडी अर्जावर "इथं सही कर" म्हटलं की सही करतो. काम होऊन जातं. जर्मनीत दुकानात, ट्राममध्ये, बस-थांब्यावर ही हुशारी तुला खूप उपयोगी पडेल, पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा तू लवकर रुळशील. प्रयोगशाळेत मात्र हीच सवय बुडवते. एका पिक्सेलचे किती नॅनोमीटर धरायचे, हे तू नीट ऐकलं नाहीस आणि मान डोलवलीस, तर पुढची सगळी मोजमापं फुकट. आणि ते कळतं कधी? ऑगस्टमध्ये, निघायच्या तोंडावर.

म्हणून समजलं नाही, तर तिथल्या तिथं सांग, आणि समजलं असं वाटलं तरी आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घे. पहिल्या आठवड्यात दहा वेळा विचारणाऱ्या पाहुणीला कुणी हसत नाही. आठव्या आठवड्यात पहिल्यांदा विचारणारीची मात्र पंचाईत होते. खरे गुरू तिथले मोठे प्राध्यापक नसतात, त्यांच्या हाताखालचा पीएचडीचा मुलगा किंवा मुलगी असते. त्यांच्याशी जमवून घे. ते तुला नावानं हाक मारायला सांगतील. 'सर', 'मॅडम' सोडायला जीभ दोन-चार दिवस अडखळेल. "हे चुकलंय" असं ते तोंडावर सांगतात आणि लगेच कॉफीला बोलावतात. पहिलं मनाला लावून घेऊन दुसरं नाकारू नकोस.

मोजण्याबद्दल एक गोष्ट आधीच ठरवून घे. औषध दिलेल्या पेशी कुठल्या आणि न दिलेल्या कुठल्या, हे फाइलच्या नावावर लिहिलेलं असेल, तर तुझा डोळा निष्पक्ष राहणार नाही. तुझ्या वडिलांना विचार: माल कुठल्या पाळीचा हे तपासणाऱ्याला आधी कळलं, की आपल्या पाळीच्या कास्टिंगमधलं छिद्र त्याला छोटं दिसतं. तेव्हा नावं झाकून, फाइली पिसून मोज. कुठल्या खुणेमागं कुठली फाइल, याचा तक्ता दुसऱ्या कुणाकडे ठेव. ठिपका कशाला म्हणायचं, किती उजळ असला की धरायचा, हेही मोजायच्या आधी वहीत लिही. निकाल बघून निकष हलवायचा नाही.

आणि निकाल 'काही फरक नाही' असा आला, तर तसाच मांड. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनाला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. त्यांच्या वंशविचारांचा आधार पुढे नाझींनी घेतला. कवट्यांची डावी-उजवी बाजू किती असमान असते आणि त्याचा वंशाशी संबंध आहे का, हा कर्वेबाईंना दिलेला विषय. उत्तर काय अपेक्षित होतं ते उघड होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाशी संबंध लागत नाही. तरुण मुलगी, परका देश, समोर एवढा वजनदार माणूस. तरी आकडे जे म्हणाले ते लिहिलं, आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. बर्लिनला गेलीस तर डालेम भागातली, त्या जिथं काम करत होत्या ती इमारत अजून उभी आहे.

फिरण्याबद्दल तुझ्या मामांचं म्हणणं, "कामाला चाललीस, सहलीला नव्हे." मला ते पटत नाही. विद्यावेतन साठवून सोन्याची चेन आणण्यापेक्षा ते रेल्वेत घातलेलं चांगलं. पण शनिवार-रविवारी एकेक राजधानी उरकून फोटो काढत सुटणं हेही मला पटत नाही. सोमवारी डोळे चोळत ठिपके मोजणार कोण?

त्यापेक्षा तुझ्याच कामाचा धागा धरून हिंड. येनाला जा. 1873 मध्ये एर्न्स्ट आबे या भौतिकशास्त्रज्ञानं तिथं दाखवून दिलं की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे: तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून, म्हणजे सुमारे 200 नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणार नाहीत. हे सूत्र येनाच्या विद्यापीठाजवळच्या स्मारकावर दगडात कोरलेलं आहे. शंभरावर वर्षं ही मर्यादा भिंतीसारखी मानली गेली. मग तू जाणार त्याच ग्यॉटिंगेनमध्ये श्टेफान हेल यांनी वाट काढली. एका लेसर किरणानं रेणू चमकवायचे आणि कडबोळ्याच्या आकाराच्या दुसऱ्या किरणानं कडेचे रेणू विझवायचे. मग मधल्या भोकाएवढाच ठिपका उरतो. त्यासाठी 2014 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना दोन अमेरिकन शास्त्रज्ञांसोबत मिळालं. तुझे ठिपके त्या गोष्टीतलेच आहेत. येनातून परत आलीस की पिक्सेलचा प्रश्न तुला कंटाळवाणा वाटणार नाही, असा माझा अंदाज.

ग्यॉटिंगेनमध्ये तर स्मशानभूमीतच एक संध्याकाळ घालव. आई ओरडेल, तिला सांगू नकोस. प्लांक, हिल्बर्ट, ओटो हान, माक्स बोर्न अशी विज्ञान-गणितातली मोठी माणसं तिथं पुरलेली आहेत. प्लांकच्या दगडावर त्याचा स्थिरांक आहे, बोर्नच्या दगडावर क्वांटम यांत्रिकीचं समीकरण. नाझींनी नोकरीवरून काढल्यावर हा बोर्न 1935-36 मध्ये रामन यांच्या बोलावण्यावरून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत काही महिने शिकवून गेला होता. त्याला तिथं कायमची जागा द्यायचं घाटत होतं, ते जमलं नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं एका रात्रीत आपण पोचतो त्या गावात, बघ की.

प्रवासाला 'डॉइचलांडटिकिट' घे. महिन्याच्या एकाच रकमेत देशभरच्या प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम चालतात. 2023 मध्ये ते 49 युरोला निघालं, 2025 मध्ये 58 झालं, पुढे वाढतच चाललंय. लांब पल्ल्याच्या वेगवान आयसीई गाड्यांत ते चालत नाही. चढलीस तर दंड. आणि ती वर्गणी आहे. शेवटच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केली नाहीस, तर बेळगावात बसून पुढच्या महिन्याचे पैसे भरशील. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भर.

कागदांचं थोडक्यात. तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आहे आणि पासपोर्टवर आडनाव. ते दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत असं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेव. जन्माच्या दाखल्यावर 'बेळगाव' आणि आधारवर 'बेळगावी' असेल. गावाचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं, एवढंच तिथल्या कारकुनाला सांग. त्या तारखेबद्दल आपल्याकडे काय काय बोललं जातं, ते त्याच्या खिडकीशी नको. कानडी दाखल्यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं लागतील. व्हिसाचं केंद्र कुठलं पडतं ते व्हिसाच्या प्रकारावर आणि कधी कधी पत्त्यावर ठरतं. पुण्याच्या मावसबहिणीचा अनुभव तुला लागू पडेलच असं नाही, जर्मन वकिलातीनं दिलेल्या सूचना स्वतः वाच. अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा मिळाला तर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, त्यात उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात. बारा आठवडे म्हणजे 84. शेवटच्या भटकंतीला उरतात सहा, आणि व्हिसावर छापलेल्या तारखा त्याहून कमी असतील तर तेवढेच. विद्यावेतन पहिल्या दिवशी हातात पडत नाही आणि खोलीची अनामत आधी द्यावी लागते, म्हणून महिनाभराचा खर्च बरोबर असू दे. वडिलांशी त्याबद्दल मी बोलेन.

प्रतिमा कितीही देखण्या असल्या तरी इन्स्टाग्रामवर टाकू नकोस. ते काम अजून छापलेलं नाही आणि ते तुझ्या एकटीचं नाही. कुठल्या फाइली घरी नेता येतील ते निघण्याआधी विचार. शिफारसपत्राबद्दलही समोर असतानाच बोल. परत येऊन तीन महिन्यांनी पाठवलेल्या मेलला उत्तर येतं, पण त्यात तुझ्याबद्दल फारसं काही नसतं.

तुझ्या वर्गातल्या ज्या मैत्रिणीची निवड झाली नाही, तिला माझ्याकडे पाठव. आपल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे. दोन महिने देशातल्याच चांगल्या प्रयोगशाळेत काम मिळतं, पासपोर्टचीही गरज नाही. अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावा लागतो, म्हणजे आत्तापासून तयारी.

रविवारी सकाळी कागदांची फाइल घेऊन ये. प्राध्यापकांना पाठवायच्या पहिल्या मेलचा मसुदा तूच लिहून आण, मी फक्त काटछाट करीन.

तुझा,
काका

ता. क. आईनं कुंदा द्यायचं ठरवलंय असं ऐकलं. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेऊ देत नाहीत. कुंदा दुधाच्या पदार्थांत मोडतो की मिठाईत, हा वाद फ्रँकफुर्टच्या विमानतळावर घालत बसू नकोस. भडंग ने, तिखट.