मँडरिन शिकायला चीनला जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी उत्तीर्ण झालो आहे. एक वर्ष चीनमध्ये राहून मँडरिन शिकायचे आहे. शुद्ध उच्चारांसाठी बीजिंग, हार्बिन, छंगदू आणि ग्वांगचौ यांपैकी कोणते शहर निवडावे? (पुणे)

उच्चारांसाठी हार्बिनला जावे असे सगळीकडे ऐकू येते आणि त्यात तथ्य आहे. तिकडची, म्हणजे ईशान्य चीनमधली, रोजची बोली प्रमाण भाषेच्या बरीच जवळ आहे. बीजिंगमध्ये शब्दाच्या शेवटी जीभ वळवून ‘र’ जोडण्याची सवय फार. पहिले दोन आठवडे रिक्षावाला काय म्हणतो तेच कळत नाही, पुढे कान सरावतो. छंगदूच्या स्थानिक बोलीत ‘न’ आणि ‘ल’ यांची सरमिसळ होते, जीभ वळवून म्हणायचे वर्ण सपाट होतात. ग्वांगचौच्या बाजारात कँटोनीज ही वेगळीच बोली कानावर पडते. तरीही वर्गात चारही ठिकाणी शिक्षक प्रमाण मँडरिनच शिकवतात. तुमच्या उच्चारांचे भवितव्य शहरापेक्षा वर्गाबाहेर तुम्ही कोणाशी बोलता यावर अधिक ठरेल.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : परदेशी विद्यार्थ्यांची गर्दी कमी असलेले शहर घ्या. बीजिंगचे भाषा व संस्कृती विद्यापीठ १९६२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवत आहे. शिक्षक अनुभवी आहेत आणि पातळ्यांची विभागणी बारीक आहे. पण ते ज्या वूताओखौ भागात आहे तिथे इंग्रजीवर वर्षभर निभावता येते, आणि बरेच जण तसेच निभावतात. खुनमिंग किंवा हार्बिनमध्ये ती सोय कमी. बीजिंगच हवे असेल तर खोलीत चिनी सोबती देणारा अभ्यासक्रम शोधा.

हवामानाचाही विचार करा. हार्बिनला जानेवारीत पारा उणे २० च्या खाली जातो, पण इमारती आतून उबदार असतात. छंगदूला बर्फ क्वचितच पडतो, मात्र दक्षिणेत उत्तरेसारखी सामाईक उष्णता-व्यवस्था नसल्याने खोलीतही स्वेटर घालून बसावे लागते.

प्रश्न : तीन विद्यापीठांची माहितीपत्रके मागवली. तिन्हींत ‘आठवड्याला २० तास’ असेच लिहिले आहे. मग तुलना कशी करायची? (कोल्हापूर)

आधी ‘तास’ म्हणजे किती मिनिटे ते विचारा. कुठे ४५ मिनिटांचा तास असतो, कुठे ५० चा. ४५ चे २० तास म्हणजे घड्याळाचे १५ तास. १६ आठवड्यांचे सत्र धरले तर २४०. ५० चा असेल तर तेच २६६ च्या वर जातात. शरद सत्रातून १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची आठवडाभराची सुटी वजा करा.

मग ते २० तास कसे वाटले आहेत ते पाहा. मुख्य विषय सर्वसमावेशक चिनीचा. त्याला ८ ते १० तास मिळतात. उरलेले संभाषण, श्रवण आणि वाचन यांत जातात. कुठे सुलेखन किंवा थायची हा व्यायामप्रकारही याच हिशेबात धरतात. ते विषय चांगलेच आहेत, पण भाषेच्या तासांत मोजू नयेत.

यापुढचे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माझ्या पातळीच्या वर्गात गेल्या सत्रात किती विद्यार्थी होते? (२० च्या वर असतील तर संभाषणाच्या तासात तुमच्या वाट्याला दोन मिनिटे येतील.) माझ्या पातळीला पाठ्यपुस्तकाचा कोणता भाग लावता आणि सत्राअखेर कुठवर पोहोचता? वर्ग बदलायची मुदत किती? माझ्या पातळीचे विद्यार्थी कमी आले तर वर्ग दुसऱ्या वर्गात मिसळता का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि वर्षाचे नुकसान याच कारणाने होते.

एचएसकेच्या प्रमाणपत्रावरही विसंबू नका. पहिल्या दोन पातळ्यांच्या प्रचलित प्रश्नपत्रिकेत चित्रलिपीवर पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांतला उच्चार, छापलेले असते. ते तिसऱ्या पातळीपासून गायब होते आणि लिहिणेही तिथूनच सुरू होते. त्यामुळे दुसरी पातळी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी वर्ग ठरवण्यासाठीच्या तोंडी परीक्षेत छान बोलतो, वरच्या वर्गात बसवला जातो आणि फळा वाचता न आल्याने मागे पडतो. शेजारी जपानी विद्यार्थी असतील तर हे आणखी जाणवते, कारण त्यांना बरीचशी चिन्हे शाळेपासून ओळखीची असतात. पहिल्याच आठवड्यात धड्यातली निम्मी चिन्हे अनोळखी वाटली तर संकोच न करता एक वर्ग खाली जा. मुदत टळली की कार्यालय ऐकत नाही.

खर्चाचा अंदाज : सरकारी विद्यापीठांत भाषावर्गाची सत्राची फी बहुतेक ८,००० ते १३,००० युआन असते. अर्जशुल्क वेगळे, आणि ते परत मिळत नाही. वर्षभराच्या विद्यार्थ्याला ८०० युआनचा आरोग्यविमाही घ्यावा लागतो.

प्रश्न : निघायला तीन महिने आहेत. घरी नेमके काय करावे? (रत्नागिरी)

पहिला महिना फक्त उच्चारांना द्या. इथे मराठी माणसाकडे मोठी शिदोरी आहे आणि इंग्रजीच्या वळणाने पिनयिन वाचल्यामुळे ती वाया जाते. पिनयिनमधला ‘बी’ हा आपला ‘ब’ नव्हे, तो ‘प’ला जवळचा. ‘पी’ म्हणजे ओठ पूर्ण मिटून काढलेला ‘फ’. तसेच ‘डी’ आणि ‘टी’ ही जोडी ‘त’ आणि ‘थ’च्या जवळची, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे ‘क’ आणि ‘ख’. आपण ‘बीजिंग’ लिहितो त्या शहराचे नाव तिथे ‘पेइचिङ’ असे ऐकू येते ते यामुळेच. श्वास सोडून आणि न सोडता म्हणायच्या वर्णांतला हा फरक इंग्रजीभाषकांना शिकावा लागतो. आपण तो बाळपणापासून करतो.

‘झेड’ म्हणजे ‘चमचा’मधला ‘च’, आणि ‘जे’ म्हणजे ‘चिमणी’तला. ‘सी’ मात्र अवघड : ‘चमचा’तलाच ‘च’, पण जोराचा श्वास सोडून. असा वर्ण मराठीत नाही. ‘एसएच’साठी खरा मूर्धन्य ‘ष’ लागतो; आपण हल्ली तो ‘श’सारखाच म्हणतो, त्यामुळे जीभ मागे वळवायचा सराव हवा. दोन टिंबांचा ‘यू’ येत नसेल तर तोंडाने ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा फक्त चंबू करा.

मग सूर. चार सूर आणि एक हलका. मराठीत प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज चढतो. ती सवय चिनीत शब्दच बदलून टाकते. तिसऱ्या, खालच्या सुरातला ‘माय’ म्हणजे विकत घेणे; चौथ्या, उतरत्या सुरातला ‘माय’ म्हणजे विकणे. सुटे शब्द घोकण्यापेक्षा दोन अक्षरांच्या जोड्या म्हणा, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहा.

उरलेले दोन महिने रोज पाच चिन्हे हाताने लिहा, रेघांचा क्रम पाळून. शब्द देवनागरीत लिहून पाठ करू नका. सूर त्यात नोंदला जात नाही आणि चुकीचा उच्चार पक्का बसतो.

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये एका सत्रासाठी जाणार आहे. आवडले तर आणखी एक सत्र राहीन म्हणते. व्हिसा कोणता घ्यावा? (नागपूर)

हा निर्णय आत्ताच घ्या. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणाला एक्स-२ व्हिसा असतो, त्याहून अधिक काळाला एक्स-१. एका सत्राच्या प्रवेशावर एक्स-२ मिळेल, आणि मुक्काम लांबवायचा तर तिथे परवानगीसाठी खटपट करावी लागेल किंवा परत येऊन नवा व्हिसा घ्यावा लागेल. वर्षाचा विचार निम्माही पक्का असेल तर वर्षाचाच प्रवेश मागा, पण फी सत्रागणिक भरता येते का आणि मध्येच सोडल्यास किती परत मिळते ते आधी विचारा.

स्वखर्चाने जाणाऱ्यांना विद्यापीठ जेडब्ल्यू २०२ हा व्हिसासाठीचा अर्ज पाठवते, सरकारी शिष्यवृत्ती असेल तर जेडब्ल्यू २०१. तो, प्रवेशपत्र आणि वैद्यकीय तपासणीचे मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवा. इथली तपासणी तिथे अमान्य झाली तर पुन्हा करावी लागते, त्याचे पैसे बाजूला ठेवा.

एक्स-१ वर पोहोचल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलेल्यांची मुदत नेमकी ऑक्टोबरच्या सुटीच्या तोंडावर संपते, तेव्हा शेवटच्या दिवसांवर ढकलू नका. अर्जानंतर पासपोर्ट काही दिवस कार्यालयात राहतो. मोबाइलचे सिमकार्ड त्याआधी घ्या.

मुलगी वसतिगृहात राहिली तर पोलिसांकडची नोंद तिथलेच लोक करतात. भाड्याच्या घरात किंवा कोणाकडे उतरली तर २४ तासांच्या आत ती तिला स्वतः करावी लागेल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तिथे निभाव लागेल का? (ठाणे)

लागेल, पण ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगून भागत नाही. खिमा घातलेले टोफू किंवा चरबीत परतलेली भाजी तरीही ताटात येऊ शकते. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे आधी सांगा. मग मांसाचा रस्सा, डुकराची चरबी आणि कालवांचा सॉस नको, हे वेगवेगळे सांगा. ही वाक्ये चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. विद्यापीठातल्या मुस्लिम भोजनगृहावर ‘छिङचेन’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ हलाल. बौद्ध विहारांजवळच्या ‘सू’ भोजनालयांत बहुधा कांदा-लसूणही नसतो. खोलीत विजेची शेगडी चालवायला बहुतेक वसतिगृहांत बंदी असते, म्हणून मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर आहे का ते प्रवेश घेतानाच विचारा.