खिशातला आरोग्यखर्च ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला म्हणतात, मग आमचं बिल का वाढतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेपरात वाचलं की भारतात लोकांना खिशातून करावा लागणारा आरोग्यखर्च ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला. घरात मात्र वडिलांच्या गोळ्या, आईच्या तपासण्या आणि विम्याचा हप्ता यांचा आकडा दरवर्षी चढतोय. मग खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. टक्का कशाचा आणि खिसा कुणाचा, एवढंच बघायला हवं.

माझी ओळख सांगतो, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मिरजेत माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण 'राष्ट्रीय आरोग्य लेखा' म्हणून केंद्र सरकारचा जो अहवाल निघतो तो मी डाउनलोड करून वाचतो, कारण त्यात ज्याला 'खिशातून खर्च' म्हटलंय त्यातला मोठा वाटा माझ्यासारख्यांच्या काउंटरवरच पडतो. आपल्याच गल्ल्याचा हिशेब दुसऱ्याने लिहिलेला वाचावा, तसं वाटतं.

आधी आकडे. २०१३-१४ मध्ये देशाचा एकूण आरोग्यखर्च सुमारे ४ लाख ५३ हजार कोटी रुपये होता, माणशी ३,६३८ रुपये. २०२१-२२ मध्ये तो ९ लाख ४ हजार कोटींवर गेला, माणशी ६,६०२ रुपये. म्हणजे आठ वर्षांत एकूण रक्कम जवळजवळ दुप्पट. आता त्यातला लोकांनी थेट खिशातून दिलेला वाटा ६४.२ वरून ३९.४ टक्क्यांवर आला, हे खरं. पण ३,६३८ चे ६४.२ टक्के काढा: २,३३६ रुपये. ६,६०२ चे ३९.४ टक्के काढा: २,६०० रुपये. टक्का धाडकन खाली आला, रुपये मात्र थोडे वरच गेले. महागाई धरली तर २,६०० चं वजन जुन्या २,३३६ पेक्षा कमी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण घरात कुणी महागाई वजा करून बिल भरत नाही.

टक्का उतरला तो मुख्यतः सरकारने आपला हात सैल सोडल्यामुळे. २०१३-१४ मध्ये सरकार (केंद्र, राज्यं, महापालिका सगळं धरून) माणशी साधारण १,०४० रुपये खर्च करत होतं, २०२१-२२ मध्ये ३,१६९. तिप्पट. जीडीपीच्या हिशेबात १.१५ वरून १.८४ टक्के. ही वाढ खोटी नाही. फक्त शेवटची दोन वर्षं कोविडची होती हे विसरू नका. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नुसत्या लशीसाठी ३५,००० कोटींची तरतूद होती. आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट लिहिलं होतं, त्याच्याशी १.८४ ताडून बघा.

आता खिसा. या अहवालात 'खिशातून' म्हणजे उपचार घेताना, औषध घेताना तिथल्या तिथे दिलेले पैसे. तुम्ही वर्षाच्या सुरुवातीला भरलेला मेडिक्लेमचा हप्ता त्यात येत नाही, तो 'खासगी विमा' या वेगळ्या रकान्यात जातो. २०२१-२२ मध्ये तो रकाना ७.४ टक्के होता. म्हणजे तुम्ही बिलाऐवजी हप्ता भरायला लागलात की देशाचा 'खिशातला' टक्का उतरतो, आणि तुमचं पासबुक जसंच्या तसं राहतं. वडिलांना दवाखान्यात न्यायला तुमचा एक दिवसाचा पगार बुडाला, तर तो कुठल्याच रकान्यात नाही.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. अमेरिकेत २०२३ मध्ये आरोग्यावर जीडीपीच्या १७.६ टक्के खर्च झाला, माणशी साडेचौदा हजार डॉलरच्या वर. आणि तिथे थेट खिशातून जाणारा वाटा फक्त १० टक्क्यांच्या आसपास! म्हणजे ज्या कसोटीवर आपण स्वतःची पाठ थोपटतोय त्या कसोटीवर अमेरिका आपल्या चौपट पुढे आहे, आणि बिल बघाल तर जगात सगळ्यात मोठं तिचंच. भाऊ फोनवर विम्याच्या हप्त्याबद्दल जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकूण रक्कम वाढतेच का, हा तुमच्या प्रश्नातला खरा गाभा. लोक पटकन म्हणतात, म्हातारे वाढले. वाढलेत, पण वय एकटं एवढं करत नाही. माझ्या दुकानात झालेला बदल दुसराच आहे. मी शटर उघडलं तेव्हा जास्त विक्री पाच दिवसांच्या कोर्सची असायची: अँटिबायोटिक, तापाची गोळी, ओआरएस. माणूस बरा झाला की संपलं. आज रोजच्या विक्रीचा कणा म्हणजे न संपणाऱ्या गोळ्या. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. देशाचे आकडेही हेच सांगतात. एकूण रोगांच्या भारात असंसर्गजन्य आजारांचा वाटा १९९० मध्ये ३० टक्के होता, २०१६ मध्ये ५५. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर निघाली. पूर्वी आजार लग्नकार्यासारखा यायचा, एकदाच काय तो खर्च. आता तो दुधाच्या रतिबासारखा लागलाय.

एक गिऱ्हाईक सांगतो. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले काका. चिठ्ठीवर पाच गोळ्या, तीस दिवसांच्या. महिन्याच्या वीस तारखेनंतर आले की चिठ्ठी पुढे करायच्या आधीच म्हणतात, "दहा दिवसांच्याच कापा. पेन्शन झाली की उरलेल्या नेतो." मी कात्री घेतो. पट्टी कापताना बॅच नंबर आणि एक्स्पायरीची बाजू आमच्याकडच्या तुकड्यावर राहू द्यायची, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. कधी कधी उरलेला तुकडा तसाच ड्रॉवरमध्ये राहतो, काका पुढच्या महिन्यातच उगवतात. मधले दिवस त्यांनी काय केलं ते मी विचारत नाही. देशाच्या हिशेबात त्या महिन्यात त्यांचा खिशातला खर्च कमी झाला.

किमतींचं म्हणाल तर चित्र सरळ नाही. सरकारच्या यादीतल्या अत्यावश्यक औषधांचे भाव घाऊक महागाईच्या निर्देशांकाला बांधलेले असतात. एप्रिल २०२२ मध्ये त्यावर १०.७७ टक्के वाढीची परवानगी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये १२.१२, आणि २०२४ मध्ये जवळजवळ शून्य. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहे, आणि बऱ्याच कंपन्या ती वाया जाऊ देत नाहीत. उलट मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचं पेटंट संपलं. साठेक रुपयांना मिळणाऱ्या एका गोळीच्या जागी दहा रुपयांच्या आतलेही ब्रँड आले. औषध स्वस्त झालं, खर्च उतरला? त्या गिऱ्हाइकाचा उतरला. पण जे औषध डॉक्टर खिसा बघून लिहीत नव्हते ते आता लिहितात, आधीच्या दोन गोळ्यांच्या जोडीला तिसरी म्हणून. भाव खाली आणि चिठ्ठी लांब. उपचारांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, पण एकूण बेरीज त्याने कमी होत नाही.

हॉस्पिटलात तर गुणाकार आणखी मोठा. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) किमतीला लगाम बसला, औषधी लेप असलेला स्टेंट साधारण २९,६०० रुपयांवर बांधला गेला. तेव्हापासून जे पेशंट बिल दाखवायला आणतात (आमच्या मिरजेत गल्लोगल्ली हॉस्पिटलं, त्यामुळे बिलं वाचून द्यायचं समाजकार्य मेडिकलवाल्यालाच करावं लागतं), त्यात स्टेंटची ओळ लहान असते आणि तिच्याखाली ओळी मात्र भरपूर. सिझेरियनचं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझेरियन होती, खासगीत ४७.४. बायकांची शरीरं दार बदलल्यावर बदलत नाहीत. प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळत असतील तर कामं वाढतात. कुणा एका डॉक्टरच्या दानतीचा हा प्रश्न नाही.

मग सरकारची तिप्पट रक्कम तुमच्या घरापर्यंत का पोचली नाही? थोडी पोचली असेल. आपल्याकडे २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तिचीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, केंद्राची आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली. आता मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे. बायपास, कॅन्सर, डायलिसिस यांत या योजनांनी घरं वाचवलेली मी स्वतः पाहिली आहेत. पण त्यांचा भर मोठ्या उपचारांवर. दर महिन्याची चिठ्ठी त्यात बसत नाही, आणि तुमच्या घरचा चढता खर्च नेमका चिठ्ठीचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्क्यांचा थेट शून्य. त्या आठवड्यात सॉफ्टवेअर आणि जुना माल जुळवण्यात माझ्या दोन रात्री गेल्या, पण तुमच्या हप्त्यात फरक दिसला असेल.

शेवटची गोष्ट, जी पेपरात येत नाही. खिशातल्या खर्चाचा अंदाज सरकार घरोघर करतं त्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून बांधतात. २०१३-१४ चा आकडा २०१४ च्या पाहणीवर उभा आहे, २०१७-१८ चा त्या वर्षीच्या पाहणीवर, आणि त्यापुढची वर्षं हिशेबाने पुढे ओढलेली. आता गंमत अशी की २०१४ च्या पाहणीत गेल्या पंधरा दिवसांत आजारी होतो असं सांगणारे खेड्यांत ८.९ टक्के होते, २०१७-१८ मध्ये ६.८. शहरांतही तशीच घट. त्या काळात आजार एवढे कमी झाल्याचं माझ्या काउंटरवर तरी जाणवलं नव्हतं. त्यामुळे घसरणीतला काही भाग खरा, काही पाहणीचा, असं मी धरतो. २०२५ मध्ये जानेवारी ते डिसेंबर या पाहणीची नवी, ८० वी फेरी झाली. कोविडनंतरच्या खिशाबद्दल बोलायचं तर तिच्यावरच बोलावं.

पाहणीवाला दारात येऊन विचारतो, पंधरा दिवसांत औषधाला किती गेले. लोक आठवून सांगतात. कारण कंडक्टर काकांना मी दर वेळी बिल देऊ का म्हणून विचारतो, आणि ते दर वेळी म्हणतात, "कागद काय करायचाय, गोळ्या द्या."